फादर होण्याची दहा वर्षं

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगडापासून राजापुरापर्यंत नऊ तालुके आहेत आणि त्यांत कॅथलिक घरं तुरळक. काही गोवा-मालवणाकडून पूर्वीच येऊन स्थिरावलेली, काही नोकरीच्या निमित्तानं आलेली. अशा एखाद्या घरातला बारावी झालेला मुलगा ‘मला फादर व्हायचंय’ म्हणाला, तर त्याला घर सोडूनच जावं लागतं. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकवणारी मोठी सेमिनरी जिल्ह्यात नाही. चर्चच्या व्यवस्थेत रत्नागिरी सिंधुदुर्ग धर्मप्रांतात येते. २००५ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळ्या झालेल्या या धर्मप्रांताचं मुख्य ठिकाण सावंतवाडी. मुलाला कुठल्या सेमिनरीत पाठवायचं हे बिशप ठरवतात. कुठंही पाठवलं, तरी तो पुरता धर्मगुरू होऊन परतेपर्यंत आठ ते दहा वर्षं उलटलेली असतात. त्याच्या वर्गातले मित्र तोवर नोकरीला लागून संसारात पडलेले असतात.

मराठी वाचकाला ख्रिस्ती धर्मोपदेशक म्हटलं की रेव्हरंड ना. वा. टिळक आठवतात. तेही याच जिल्ह्यातले. करजगावी १८६१ साली जन्मलेले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे त्यांचं घर, त्यांची चूल, त्यांची भांडणंसुद्धा महाराष्ट्राला आपली वाटतात. पण टिळक प्रॉटेस्टंट होते आणि त्या पंथात धर्मोपदेशकाला संसार असतो. कॅथलिकांच्या लॅटिन परंपरेत धर्मगुरू जन्मभर अविवाहित राहतो, बिशपांच्या आज्ञेत राहतो आणि ते पाठवतील त्या गावी जातो. एवढा मोठा शब्द द्यायचा, तर देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं दोघांनीही पुरती पारख करून घ्यायला हवी. सेमिनरीतली वर्षं मुख्यतः या पारखीची असतात.

सुरुवात गावातल्या चर्चपासूनच होते. मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, वेळी वेदीपाशी मदत करणारा मुलगा फादरांच्या नजरेत येतो. मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीत त्याला शिबिराला बोलावलं जातं. ‘पाचारण’, म्हणजे देवाची हाक, हा शब्द त्याच्या कानावर पहिल्यांदा बहुधा तिथंच पडतो. पुढं बाप्तिस्म्याचा आणि दृढीकरणाचा दाखला, वैद्यकीय तपासणी, धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) फादरांचं पत्र अशी कागदपत्रं जमतात. पहिलं एखादं वर्ष नुसत्या तयारीचं असतं: एकत्र राहायला शिकणं, प्रार्थनेची सवय, इंग्रजी पक्कं करणं. त्यानंतर दोन-तीन वर्षं तत्त्वज्ञान, मग एक-दोन वर्षं प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि शेवटी साधारण चार वर्षं ईशज्ञान. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून किमान सहा वर्षं झालीच पाहिजेत, असं १९८३ च्या चर्चच्या कायद्यात लिहिलेलं आहे. गुरुदीक्षेसाठी वयाची २५ वर्षं पूर्ण व्हावी लागतात, त्याआधीच्या डीकनपदासाठी २३. या दोहोंमध्ये निदान सहा महिन्यांचं अंतर लागतं. जेझुइटांसारख्या संघात तर आधी दोन वर्षांची नवशिक्षा असते, त्यामुळे त्यांची वाट आणखी लांबते. या सगळ्या काळात त्या मुलाला सगळे ‘ब्रदर’ म्हणतात.

धर्मगुरूला इतकं तत्त्वज्ञान कशासाठी, असा प्रश्न आईवडिलांनाही पडतो. कालपरवापर्यंत कॉमर्सचे हिशोब करणारा मुलगा प्लेटो आणि ॲरिस्टॉटल वाचू लागतो. भारतातल्या सेमिनऱ्यांत त्याच्या जोडीला वेदान्त, सांख्य, बौद्ध विचारही येतात. उद्या ज्या गावात तो राहणार, तिथले बहुसंख्य लोक मंदिरात किंवा मशिदीत जाणारे असतील. त्यांची श्रद्धा आतून समजली नाही, तर हा माणूस त्या गावात परकाच राहील. शिवाय मृत्यू, अन्याय, निरपराधाचं दुःख यांविषयी लोक फादरांनाच विचारतात. तिथं पाठ केलेली उत्तरं पुरत नाहीत.

दिवस पहाटे सुरू होतो. प्रार्थना, मिस्सा, न्याहारी, मग व्याख्यानं. दुपारनंतर बागकाम किंवा साफसफाई, संध्याकाळी फुटबॉल, मग वाचन आणि पुन्हा प्रार्थना. रात्री मौन. शनिवार-रविवार जवळपासच्या चर्चमध्ये, रुग्णालयात किंवा वस्तीत काम. सगळ्यांत घाम काढणारा तास असतो प्रवचनाच्या सरावाचा. ब्रदर वर्गमित्रांसमोर उभा राहतो, बायबलमधला एखादा उतारा वाचून त्यावर बोलतो. मग ज्यांच्याबरोबर तो रोज जेवतो, तेच त्याला सांगतात की मुद्दा कुठं निसटला, आवाज कुठं खोटा वाटला, कुठं तो लोकांना रागावल्यासारखं बोलला. २०२४ साली पोप फ्रान्सिस यांनी जगभरच्या धर्मगुरूंना सांगितलं होतं की प्रवचन आठ मिनिटांपलीकडे नेऊ नका, लोकांना झोप लागते. हा सल्ला रविवारी बाकावर बसणाऱ्या प्रत्येकाला मनापासून पटेल.

मधली कामाची वर्षं मात्र पुस्तकांपासून दूर जातात. ब्रदरला एखाद्या धर्मग्रामात, शाळेत किंवा मुलांच्या वसतिगृहात ठेवतात. तिथं पंगतीत भात कमी पडला तर त्याची व्यवस्था त्यालाच करावी लागते. कुणाच्या घरी मयत झालं तर रात्री त्यालाच जावं लागतं. पावसात रस्ता बंद असताना आजारी म्हातारीपर्यंत कसं पोहोचायचं, हे कुठल्या ग्रंथात सापडत नाही. कोकणात तर फादर पुष्कळदा एकटाच राहतो. चर्च, लहानसं निवासस्थान, विखुरलेली घरं आणि मधे लांब अंतरं. दहा वर्षं शेकडो मुलांच्या गजबजाटात राहिलेल्या तरुणाला हा एकटेपणा जड जातो. तो पेलण्याचा पहिला अनुभव याच वर्षांत मिळतो. सगळ्या अभ्यासक्रमात ही वर्षं सर्वांत मोलाची आहेत आणि ती कमी करण्याचा मोह कुठल्याही धर्मप्रांतानं टाळलेलाच बरा.

कोण योग्य आणि ते कुणी ठरवायचं, हा प्रश्न कोकण किनाऱ्यावर आजचा नाही. चारशे वर्षांपूर्वी त्याची उत्तरं फार वेगळी होती.

कॅथलिक जगात सेमिनरीची रीतसर व्यवस्था आली ती त्रेंतच्या परिषदेनं १५६३ साली काढलेल्या फर्मानानंतर. त्याआधी धर्मगुरू तयार करण्याची एकसारखी पद्धत नव्हती. गोव्यात पोर्तुगीजांनी १५४० च्या दशकातच सेंट पॉल कॉलेज उभं केलं होतं. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली तिथंच सुरू झाला. पण आजही चालू असलेली जुनी संस्था म्हणजे सासष्टीतल्या राशोलची सेमिनरी. १६०६ साली पायाभरणी, १६१० साली इमारत पूर्ण. जेझुइटांनी बांधलेली ही वास्तू, त्यांची पोर्तुगीज राज्यातून हकालपट्टी झाल्यावर, १७६२ पासून गोव्याच्या धर्मप्रांताची सेमिनरी झाली. गोव्याच्या कितीतरी पिढ्यांचे पाद्री याच जागेत शिकले.

मराठी माणसाला राशोलचं नाव दुसऱ्या कारणानं माहीत असायला हवं. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली तिथं छापलं गेलं. मराठीत, ओवीबद्ध, दहा हजारांहून जास्त ओव्यांचं. परदेशातून आलेल्या पाद्र्यानं ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदात बायबल सांगावं, ही साधी गोष्ट नव्हती. स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि जवळपास चाळीस वर्षं सासष्टीतल्या खेड्यांत राहिले. लोकांच्या भाषेत बोलता येत नसेल त्यानं धर्मग्राम सांभाळू नये, अशी भूमिका त्या काळच्या गोव्याच्या धर्मपरिषदांनीही घेतली होती. पुढं १६८४ साली पोर्तुगीज सरकारनंच स्थानिक भाषेवर बंदीचा हुकूम काढला, ही त्याच इतिहासाची काळी बाजू.

बंदीच्या आधी भाषा इथली चालत होती, पण माणूस तेव्हाही चालत नव्हता. गोव्याजवळच्या दिवाडी बेटावरचे मातेउश द कास्त्रो यांना गोव्यात गुरुदीक्षा नाकारली गेली. एतद्देशीयाला हा मान द्यायचा नाही, हा तिथल्या वरिष्ठांचा आग्रह. कास्त्रो थेट रोमला गेले, तिथं शिकले, धर्मगुरू झाले आणि १६३७ साली बिशपही झाले. लॅटिन परंपरेतले ते पहिले भारतीय बिशप. त्यांच्याकडे दिलेला प्रदेश आदिलशाहीचा; आजची रत्नागिरीही तेव्हा त्याच राज्यात होती. पोर्तुगीज हद्दीबाहेर डिचोलीत त्यांनी आपलं ठाणं केलं. पोर्तुगीजांशी त्यांचं जन्मभर पटलं नाही आणि त्यांचा मृत्यू १६७७ साली रोममध्येच झाला.

बाणावलीचे जुझे वाज यांची कथा तशीच. युरोपीय धर्मसंघांची दारं गोमंतकीयांना बंद होती, म्हणून १६८५ च्या सुमाराला स्थानिक धर्मगुरूंनी स्वतःचा संघ उभा केला. वाज त्याचे प्रमुख झाले. पुढं ते डचांच्या अमलातल्या श्रीलंकेत वेश पालटून गेले आणि तिथं मरेपर्यंत राबले. २०१५ साली कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केलं. आणि १७८७ मध्ये गोव्यात पोर्तुगीजांविरुद्ध ‘पिंटोंचं बंड’ म्हणून ओळखला जाणारा जो कट उघडकीला आला, त्यातले प्रमुख धर्मगुरू गोमंतकीयच होते. वरच्या पदांवर आपल्याला जागा नाही, हे त्यांच्या मनातलं मोठं शल्य होतं.

रोमनं या दुखण्यावर उपाय केला तो १८९३ साली. पोप लिओ तेरावे यांनी भारतासाठी श्रीलंकेतल्या कँडीला पेपल सेमिनरी स्थापन केली. या देशाच्या तारणाचा संदेश या देशाच्याच मुलांनी द्यावा, असा तिचा हेतू होता. १९५५ साली ही सेमिनरी पुण्यात आली. नगर रस्त्यावर रामवाडीला तिचा परिसर आहे. शेजारीच जेझुइटांचं दि नोबिली कॉलेज आणि दोन्हींचे विद्यार्थी जिथं शिकतात ती ज्ञानदीप संस्था. धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्यांबरोबर तिथं धर्मभगिनी आणि संसारी स्त्रीपुरुषही ईशज्ञान शिकतात. मुंबईच्या महाधर्मप्रांताची सेमिनरी गोरेगावला आहे. नागपुरात तर सेंट चार्ल्स सेमिनरीमुळे एका अख्ख्या भागाचं नाव ‘सेमिनरी हिल्स’ पडलं. तिथं सकाळी फिरायला जाणाऱ्या किती जणांच्या हे ध्यानात असेल?

कँडीत शिकलेल्यांपैकी एक होते व्हॅलेरियन ग्रेशस. गोमंतकीय आईवडिलांचा कराचीत जन्मलेला हा मुलगा १९५० साली मुंबईचा पहिला भारतीय आर्चबिशप झाला आणि १९५३ साली भारताचा पहिला कार्डिनल. यामागं एका इंग्रजाचं मोठं मन होतं. आधीचे आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांनी भारतीय माणसाला जागा मिळावी म्हणून काही वर्षं मुंबईबाहेर राहून कारभार ग्रेशस यांच्या हाती सोपवला आणि शेवटी स्वतःहून पद सोडलं. कास्त्रोंपासून ग्रेशसपर्यंत तीनशेहून जास्त वर्षं गेली, हे विसरता कामा नये.

पुण्यात आल्यावर या शिक्षणाला इथल्या मातीचा लळा लागला. बेल्जियन जेझुइट रिचर्ड डी स्मेट तिथं शिकवत. शंकराचार्यांवर त्यांनी प्रबंध लिहिला होता आणि मराठी तत्त्वज्ञान महाकोशासाठी त्यांनी अनेक नोंदी लिहिल्या. वसईचे थॉमस डाबरे यांनी तुकारामांच्या ईश्वरानुभवावर संशोधन केलं. ते पुस्तक १९८७ साली ज्ञानदीपनंच प्रसिद्ध केलं. डाबरे पुढं १९९८ मध्ये वसईचे पहिले बिशप आणि २००९ मध्ये पुण्याचे बिशप झाले. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची ओळख तर महाराष्ट्राला करून द्यायला नकोच. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचे मानकरी, वसईच्या हिरवाईसाठी रस्त्यावर उतरलेले फादर. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

अशी नावं अभिमानानं घ्यावीत, पण त्यांच्या जिवावर निर्धास्त होऊ नये. मोठ्या सेमिनऱ्यांत शिकवण्याचं माध्यम बहुतेक ठिकाणी इंग्रजी आहे. देशभरातून मुलं येतात, तेव्हा दुसरा इलाज नाही, हेही खरं. पण दहा वर्षं इंग्रजीत विचार केलेला तरुण राजापूर किंवा गुहागरच्या बाजूला येऊन बोलू लागतो, तेव्हा त्याचं मराठी पुस्तकी निघतं. दुःखात बसलेल्या बाईला ते लगेच कळतं. महाराष्ट्रातल्या धर्मप्रांतांनी आपल्या ब्रदरांसाठी मराठीचा पक्का अभ्यास, संतसाहित्यासकट, बंधनकारक करावा. स्टीफन्सना जे सतराव्या शतकात जमलं, ते इथं जन्मलेल्या मुलाला जमायलाच हवं.

आता पारखीकडे. सेमिनरीत दोन प्रकारची माणसं ब्रदरबरोबर असतात. रेक्टर आणि शिक्षक त्याचं वागणं, अभ्यास, कामातली तळमळ बघतात, दरवर्षी बिशपांना अहवाल देतात. दुसरीकडे असतात आध्यात्मिक मार्गदर्शक. त्यांच्याशी तो मनातलं सगळं बोलू शकतो: शंका, एकटेपण, एखाद्या मुलीविषयी वाटलेली ओढ, देवावरचा राग. चर्चच्या कायद्यानं इथं एक भिंत उभी केली आहे. ब्रदरला दीक्षा द्यायची की घरी पाठवायचं, हे ठरवताना मार्गदर्शकाचं किंवा त्याचं पापनिवेदन ऐकणाऱ्या फादरांचं मत कधीच विचारायचं नाही. मनमोकळं बोलल्याची शिक्षा होणार नाही, ही खात्री नसेल तर कुठलाही तरुण खरं बोलणार नाही.

दीक्षेआधी ब्रदरला स्वतःच्या हातानं लिहून द्यावं लागतं की हे मी माझ्या इच्छेनं, कुणाच्या दडपणाशिवाय मागतो आहे. कुणालाही जबरदस्तीनं दीक्षेकडे ढकलायला कायद्याची सक्त मनाई आहे, आणि योग्य माणसाला दूर लोटायलाही तितकीच मनाई आहे. कास्त्रोंच्या काळात हे कलम कुणी पाळलं असतं तर! पुष्कळ ठिकाणी उमेदवाराचं नाव त्याच्या गावच्या चर्चमध्ये जाहीर होतं. कुणाला काही ठाऊक असेल तर सांगावं, असं सर्वांना विचारलं जातं. म्हणजे शेजारीपाजारीही परीक्षक.

दीक्षेच्या दिवशी गाव लोटतं. सुरुवातीलाच बिशप विचारतात, हा योग्य आहे हे तुम्हाला माहीत आहे का? लोकांकडे चौकशी करून तो योग्य आढळला आहे, असं उत्तर त्यांना मिळतं. मग तो तरुण वेदीसमोर जमिनीवर पालथा झोपतो आणि सगळं चर्च संतांची नावं घेत त्याच्यासाठी प्रार्थना करतं. त्यानंतर बिशप एक शब्दही न बोलता त्याच्या मस्तकावर हात ठेवतात. पाठोपाठ आलेला प्रत्येक फादर तसंच करतो. हातांना पवित्र तेल लावलं जातं. बाहेर आल्यावर म्हातारी माणसं आधी त्या हातांचं चुंबन घेतात आणि त्याची आई बहुधा त्या रांगेतच उभी असते.

पण ही पारख नेहमीच पुरी पडलेली नाही. गेल्या काही दशकांत जगभर धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचाराची प्रकरणं उघडकीस आली आणि वरिष्ठांनी ती झाकल्याचंही दिसलं. भारतातलं चर्च या प्रश्नाच्या बाहेर आहे, असं म्हणणं स्वतःची फसवणूक होईल. रोमनं ८ डिसेंबर २०१६ रोजी प्रसिद्ध केलेल्या नव्या मार्गदर्शक नियमांत माणूस म्हणून घडण, आध्यात्मिक घडण, अभ्यास आणि लोकसेवा अशी चार अंगं सांगितली आहेत. मुलांच्या सुरक्षिततेचं शिक्षण, मानसशास्त्रज्ञांची मदत, घडणीत स्त्रियांचा सहभाग यांवरही भर दिला आहे. आपल्याकडे २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. तो प्रत्येक ब्रदरला कलमांसकट माहीत असला पाहिजे. सेमिनरीत शिकवणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढायलाच हवी. ज्या लोकांची तो पुढं सेवा करणार, त्यातल्या अर्ध्या स्त्रिया आहेत. त्यांचं ऐकण्याची सवय दहा वर्षं लागली नाही, तर नंतर कशी लागणार?

आणि जे परत येतात त्यांचं काय? बरोबर गेलेल्यांपैकी सगळे दीक्षेपर्यंत पोहोचत नाहीत. कुणाला आपली वाट संसाराची आहे हे कळतं, कुणाला वरिष्ठ घरी जायला सांगतात. चर्चच्या दृष्टीनं यात काही वावगं नाही. पारख झाली, तिचा निकाल आला. गावात मात्र ‘सेमिनरी सोडून आलेला’ हा शिक्का बसतो. आई चर्चला जाताना मान खाली घालते. त्यात तत्त्वज्ञानाची ती वर्षं नोकरीच्या बाजारात मोजली जातीलच असं नाही. म्हणून पुष्कळ सेमिनऱ्या मुलांना बाहेरून विद्यापीठाची पदवी घ्यायला लावतात आणि हे सर्वत्र सक्तीचं व्हावं. पण पदवीनं शिक्का पुसला जात नाही, तो शेजाऱ्यांनीच पुसायचा असतो. तुमच्या वाडीत, तुमच्या नात्यात असा कुणी परत आला असेल, तर त्याला ‘का सोडलंस’ हे विचारू नका. त्याला जेवायला बोलवा, पुढच्या शिक्षणासाठी फॉर्म भरायला मदत करा, चर्चच्या गायनमंडळात त्याची जागा त्याला परत द्या.